मी संत्र्याच्या फुलांचा मध, आणि सासरेबुवांची मदत

मी मध बोलतोय. साधासुधा नाही, एका फुलाचा. म्हणजे एकाच प्रकारच्या फुलाचा हो. खरोखर एकाच फुलातून निघालो असतो तर तुमच्या चमच्याच्या टोकालाही पुरलो नसतो. मी संत्र्याच्या फुलांचा. सध्या एका घरात जेवणाच्या टेबलावर, काचेच्या बरणीत, मिठाच्या डबीशेजारी माझा मुक्काम आहे. बरणीवर नावाची चिठ्ठी नाही. ती का नाही, हे सांगायला बसलोय.

आधी माझं रूप सांगतो, कारण आपलं कौतुक आपणच सुरू केल्याशिवाय आजकाल कोणी करत नाही. मी रंगाने फिका. इतका फिका की दुकानात लोक नाक मुरडतात, "पाणी घातलंय वाटतं." त्यांच्या मते मध म्हणजे तांबडा काळपट, खोकल्याच्या औषधासारखा. पण झाकण उघडलं की तेच मुरडलेलं नाक आपणहून जवळ येतं. मला फुलांचा वास येतो. फळाचा नाही, सालीचा नाही, फुलाचा. चव गोड, आणि गोडाच्या मागून जिभेच्या कडेला जराशी आंबट. माझ्या वासात जे द्रव्य आहे त्याला शास्त्रात मिथाइल अँथ्रानिलेट म्हणतात. इतक्या नाजूक वासाला असलं नाव ठेवणाऱ्याने घरी पोरांची नावं काय ठेवली असतील कोण जाणे.

माझा जन्म बहराच्या दिवसांतला. संत्र्याचं फूल दिसायला लहानसं, पांढरं, जाड पाकळ्यांचं, पण रस द्यायला मोठं दिलदार. माशी एकदा आत शिरली की पोटभर घेऊनच निघते. परागाच्या बाबतीत मात्र हेच फूल चिक्कू. देतं, पण हात आखडून. रस भरपूर आणि पराग कमी, एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवा. ती ध्यानात न ठेवल्यामुळेच पुढे एका शहाण्या माणसाची फजिती झाली.

आता माश्यांना घरी पिल्लं असतात आणि पिल्लांना पराग लागतो. संत्र्याकडे तो पुरेसा मिळेना, म्हणून त्या बांधावरच्या मोहरीवर जायच्या, रस्त्याकडेच्या निलगिरीवर जायच्या. तिथली पिवळी भुकटी अंगाला लागायची आणि तेच अंग घेऊन बाई पुन्हा संत्र्याच्या रसाला हजर. त्यामुळे माझ्यात मोहरीचे कण आले, निलगिरीचे आले. निलगिरीचं तर असं आहे की चौघांना आमंत्रण द्यावं आणि गाडीभरून यावेत. पण गर्दी केली म्हणून कोणी घरचं होत नाही. मी संत्र्याचाच.

मधमाश्यांच्या ज्या पेट्यांत मी तयार झालो त्या सूनबाईच्या. घरात, गल्लीत, बाजारात तिला सगळे सूनबाईच म्हणतात. नवरा बोटीवर नोकरीला, वर्षातले बरेच महिने पाण्यावर. घरात ती आणि तिचे सासरे. सासरेबुवा म्हणजे शाळेतले निवृत्त जीवशास्त्राचे मास्तर. शाळा सुटली पण शिकवणं सुटलं नाही. भाजी चिरताना सुद्धा ते सूनबाईला भेंडीच्या आतल्या खणांची नावं सांगायचे, आणि ती "हो बाबा" म्हणत भेंडी चिरून मोकळी व्हायची. सुनेवर त्यांचा जीव होता. तसं तोंडाने कधी म्हणाले नाहीत. तिच्या सायकलची हवा मात्र रोज सकाळी न सांगता तपासायचे.

पेट्या सूनबाईच्या असल्या तरी बाग तिची नव्हती. ती बागवाले काकांची. काका मोठे कष्टाळू, पण संशयी. मजुराने झाडाला पाणी दिलं म्हटलं तरी मातीत बोट खुपसून बघणार. दरवर्षी बहर आला की फुलकिडे येतात म्हणून ते पंप घेऊन फवारणी करायचे, आणि दरवर्षी सूनबाईच्या माश्या मूठमूठ मरून पेटीच्या दाराशी पडायच्या. या वर्षी तिने हात जोडून सांगितलं, "काका, फुलं आहेत तोवर थांबा. ती झडली की काय ते करा."

"थांबलो असतो," काका म्हणाले. "पण तुझ्या माश्या माझ्या झाडांवर बसतात कशावरून? मी सकाळी चहा घेत बसतो तेव्हा मला तर त्या बांधावरच्या मोहरीवर दिसतात."

"दोन्हीकडे जातात. पण मध तुमच्या फुलांचाच होतो."

"तू म्हणतेस म्हणून होतो?"

शेवटी तडजोड निघाली. काका हा एक बहर पंप बाहेर काढणार नाहीत. मध निघाला की तो तपासणी केंद्रात न्यायचा. केंद्राने सांगितलं की हा संत्र्याचा, तर पुढेही बहरात फवारणी बंद. नाहीतर सूनबाईने पेट्या उचलायच्या. तिच्याकडे पेट्या न्यायला दुसरी जागा नव्हती, हे काकांना माहीत होतं. तिलाही होतं.

मला काढलं ते घरामागच्या खोलीत. खिडक्या घट्ट लावलेल्या, नाहीतर माश्या आपला माल परत न्यायला येतात, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. सूनबाईने पोळ्याच्या चौकटींवरचं मेणाचं झाकण सुरीने सोललं, चौकटी यंत्रात उभ्या केल्या आणि हँडल फिरवलं. मी पोळ्यातून उडून पिंपाच्या भिंतीवर आदळलो आणि तिथून ओघळत खाली आलो. पहिलं बोट सासरेबुवांनी चाटलं. डोळे मिटून ते म्हणाले, "अगं, ही तर अख्खी बाग आहे." सूनबाई हसली. तिला मी इतकं मोकळं हसताना पुन्हा पाहिलं ते बऱ्याच दिवसांनी.

मला फडक्यातून गाळून बरण्यांत भरलं. केंद्रासाठी तिने दोन बरण्या बाजूला काढल्या; एक द्यायची, आणि एक वाटेत काही झालं तर हाताशी असावी म्हणून. त्यातला एक मी, दुसरं माझं जुळं भावंड. आम्ही कपाटात शेजारी शेजारी बसलो होतो आणि आमचं छान चाललं होतं. तेवढ्यात सासरेबुवांना आमच्याबद्दल कुतूहल वाटलं.

शाळेने निरोपाच्या वेळी त्यांना एक जुना मायक्रोस्कोप दिला होता. तो त्यांचा देव. सूनबाई पेट्या बघायला गेलेली असताना एका दुपारी त्यांनी माझ्यातला चमचाभर कोमट पाण्यात विरघळवला, तळाशी बसलेला गाळ काचेवर घेतला आणि डोळा लावला. बराच वेळ डोळा काढला नाही. त्यांना मोहरीचे कण दिसले. निलगिरीचे तिकोनी कण तर पसाभर दिसले. आणि संत्र्याचे गोलसर, जाळीदार कण शोधून शोधून इथे एक, तिथे एक.

ज्याचा पराग जास्त त्याचाच मध, या हिशेबाने सासरेबुवांचा चेहरा पडला. काच बदलून पुन्हा पाहिलं. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. मी आतून ओरडून सांगत होतो की मास्तर, असंच असतं, घाबरू नका. पण मधाचा आवाज घट्ट, बरणीबाहेर येत नाही. शिवाय आयुष्यभर वर्गाला गप्प बसवलेल्या माणसाला ऐकायची सवय कमीच असते.

यांनी सुनेला विचारलं का? नाही. केंद्रात फोन केला का? तोही नाही. सरळ सायकल काढून बागेत गेले. बहर सरला होता, पण सावलीतल्या रांगेला उशिराची थोडी फुलं होती. तिथे हा वयस्कर मनुष्य टाचा उंचावून, पिशवी उघडी धरून, फुलं खुडत उभा राहिला. घरी येऊन त्यांनी फुलांतले पिवळे तुरे चिमट्याने काढले, कागदावर झटकले, आणि जी काय भुकटी निघाली ती माझ्यात ओतून काचेच्या कांडीने ढवळली. भुकटी एकाच बरणीपुरती निघाली, म्हणून भावंड वाचलं. मग झाकण लावलं, बरणी पुसली, मला पुढे आणि भावंडाला मागे ठेवलं, आणि हात धुऊन वर्तमानपत्र वाचत बसले, जसं काही झालंच नाही.

माझी काय अवस्था झाली असेल विचार करा. मी संत्र्याचा आणि माझ्यातच संत्रं कालवलं. अति तिथे माती, ही म्हण मास्तरांनी किती मुलांकडून पाठ करून घेतली असेल.

केंद्रात आम्ही काकांच्या गाडीतून गेलो. काका स्वतः आले, कारण दुसऱ्याने सांगितलेल्या निकालावर त्यांचा विश्वास बसणार नव्हता. सासरेबुवा सुनेला धीर द्यायला आले. सूनबाईने मला आणि भावंडाला मांडीवर धरलं होतं आणि खड्डा आला की बरणीवरचे हात घट्ट व्हायचे.

केंद्र म्हणजे दुसऱ्या मजल्यावरचा लांब पॅसेज, एका बाजूला बाक, दुसऱ्या बाजूला काचेची दारं. तपासनीस बाई चष्मा कपाळावर ठेवून तोच चष्मा टेबलावर शोधत होत्या. मला मात्र त्यांनी फार अदबीने वागवलं. आधी उजेडात धरलं. मग हुंगलं, थांबून पुन्हा हुंगलं. मग जिभेवर घेतलं. "सुंदर आहे," म्हणाल्या. सूनबाईच्या खांद्यांवरचा ताण जरा उतरला. मग माझ्यातला थोडा भाग घेऊन बाई आत गेल्या. गरगर फिरणाऱ्या यंत्राचा आवाज आला, थांबला, आणि मग बराच वेळ काहीच नाही.

बाई बाहेर आल्या तेव्हा कपाळाला आठ्या होत्या. "यात संत्र्याचा पराग फार आहे."

सासरेबुवांनी शर्टाची कॉलर नीट केली. "असणारच. संत्र्याचाच मध आहे."

"फार आहे म्हणूनच विचारतेय," बाई म्हणाल्या. "संत्र्याच्या मधात एवढा कधीच नसतो. कण एकमेकांना चिकटून गोळे झालेत, तुऱ्यांचे तुकडे आहेत. हे माशीचं काम नाही. हा पराग नंतर घातलाय. कोणी घातला?"

काका उठले. त्यांना राग आला नव्हता, आपण बरोबर ठरलो याचं समाधान झालं होतं, आणि ते रागापेक्षा वाईट. "झालं मग," ते म्हणाले. "म्हणजे मध दुसराच, आणि वरून माझ्या फुलांचा शेंदूर. पेट्या उचल बाई, उद्याच उचल."

सूनबाईचा चेहरा पांढरा पडला. "मी काही घातलेलं नाही," एवढंच तिच्या तोंडून आलं. कोणी तिच्याकडे पाहिलं नाही. मी तिच्या बाजूचा साक्षीदार, पण माझ्या पोटातच पुरावा होता आणि तो तिच्याविरुद्ध होता. मला फार वाईट वाटलं.

सासरेबुवा आपल्या चपलांकडे बघत होते. "मी घातला," ते म्हणाले.

मग त्यांनी सगळं सांगितलं. मायक्रोस्कोप, मोहरी, निलगिरी, सावलीतली रांग, चिमटा. निवृत्त माणूस वर्गासमोर अंगठे धरून उभा राहिल्यासारखा दिसत होता. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुम्ही काय शिकवायचात?"

"जीवशास्त्र."

"तरीच," बाई म्हणाल्या. "दुसऱ्या कोणाला हे सुचलं नसतं." आणि सूनबाईकडे वळून त्यांनी माझ्या भावंडाची बरणी मागितली. "हिला तरी यांचा हात लागलेला नाही ना?"

"नाही," सासरेबुवा म्हणाले. "भुकटी संपली."

बाई भावंडाला घेऊन आत गेल्या. काका जायला निघाले होते, पण गाडीची किल्ली हातात फिरवत तिथेच उभे राहिले. संशयी माणूस अर्धवट निकालावर जात नाही. ते पॅसेजच्या टोकाला खिडकीशी गेले. बाकावर राहिले सासरा आणि सून, मध्ये मी.

सूनबाईने विचारलं, "बाबा, तुम्हाला मी खोटी वाटले?"

"नाही गं."

"मग?"

सासरेबुवांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "तू खरी आहेस हे मला ठाऊक होतं. पण खरी असूनही हरतेस की काय, याची भीती वाटली."

"हरले असते तर पेट्या गेल्या असत्या," सूनबाई म्हणाली. "आता जिंकले तरी लोक म्हणतील, सासऱ्याने काहीतरी केलं असेल."

सासरेबुवांनी तिच्या डोक्यावर हात ठेवायला हात उचलला आणि मध्येच परत घेतला. सूनबाई रडली नाही. मला दोन्ही हातांनी धरून ती काचेच्या दाराकडे बघत बसली. माणसं प्रेमापोटी एकमेकांचं केवढं नुकसान करतात हे मी त्या बाकावर शिकलो. आम्हाला मुंग्या लागतात, पण त्या निदान भूक लागली म्हणून येतात.

बाई आल्या. "मोहरी बरीच आहे. निलगिरी तर विचारूच नका. संत्र्याचा पराग थोडा."

"बघा," काका खिडकीपासून म्हणाले.

"पुरतं ऐका. संत्र्याचा थोडाच असायला हवा. ते झाड रस देतं, पराग देत नाही. निलगिरीचा पसाभर दिसला तरी त्याचा रस चमचाभरच असतो. डोकी मोजून घर कोणाचं ते कळत नाही. वासाचं द्रव्य यात भरपूर आहे, जसं संत्र्याच्या फुलांच्या मधात असतं तसं. माश्यांकडून मधात येणारं एक द्रव्य असतं, ते कमी आलंय. दुसऱ्या मधात ते इतकं कमी दिसलं तर आम्ही म्हणतो, यांनी मध तापवलाय. संत्र्याच्या मधात ते मुळातच कमी असतं. रंग, चव, सगळं जुळतं. माझ्याकडून विचाराल तर हा संत्र्याचाच मध आहे, आणि चांगला आहे."

काकांनी किल्ली खिशात टाकली. मग म्हणाले, "हे द्रव्यबिव्य मला कळत नाही. तुम्ही उद्या काहीही सांगाल."

"मग चाखा," बाई म्हणाल्या आणि भावंडाचा एक चमचा त्यांच्या हातात दिला.

काकांनी चमचा तोंडाजवळ नेला आणि तिथेच थांबले. हुंगला. बाजूला धरला, परत हुंगला. मातीत बोट खुपसून बघणारा माणूस, पण हे त्यांनी कधी तपासलं नव्हतं. चमचा तोंडात घातला आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

"हा वास माझ्या बागेला यायचा," ते हळू म्हणाले. "वडील होते तेव्हा."

"अजूनही येतो काका," सूनबाई म्हणाली.

"मला कुठे येतो? बहरात माझ्या पाठीला पंप आणि नाकाला फडकं."

काकांनी चमचा स्वच्छ चाटून बाईंना परत दिला. मग सूनबाईला म्हणाले, "पेट्या राहू देत. फुलं झडेपर्यंत पंप निघणार नाही." आणि लगेच आपल्या मूळ स्वभावावर येऊन त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "पण ही बरणी मला हवी. यात माझ्या झाडांचा माल जास्त आहे."

बाईंना हसू आवरेना. सूनबाईलाही आलं, तेच मागच्या खोलीतलं हसू. "न्या," ती म्हणाली, "पण हिच्यावर मी माझं नाव लावणार नाही." म्हणून मी बिनचिठ्ठीचा.

परतीच्या वाटेवर ती सासरेबुवांशी एक अक्षर बोलली नाही. घराजवळ उतरताना मात्र म्हणाली, "बाबा, उद्यापासून पेट्या उघडताना धुराचं भांडं तुम्ही धरायचं. जे बघायचं ते माझ्याबरोबर बघा, आणि काही खटकलं तर आधी मला सांगा." "हो," सासरेबुवा म्हणाले. त्यांच्या तोंडून नुसतं "हो", पुढे स्पष्टीकरण नाही, असं मी पहिल्यांदाच ऐकलं.

तेव्हापासून मी काकांच्या टेबलावर आहे. थंडीत माझा गोठून पांढरट बारीक रवा झाला. काकू म्हणाल्या, "साखर आहे ही, फसवलंय तुम्हाला." त्यावर काकांनी त्यांना, पाहुण्यांना आणि मीटर बघायला आलेल्या माणसालाही संत्र्याचा मध कसा लवकर गोठतो आणि त्यात पराग कसा कमीच असतो हे समजावून सांगितलं. ज्या एकमेव बरणीत पराग गच्च आहे ती समोर ठेवून. मी काही बोललो नाही. नवशिक्याचा उत्साह मोडू नये.

आता मी तळाशी जेमतेम उरलोय. जायचं वाईट वाटत नाही, मी खाण्यासाठीच जन्मलो. तुमच्याकडे माझ्यासारखा कोणी आला तर एवढंच करा. ओला चमचा घालू नका, आम्ही आंबतो. गोठला म्हणून उकळू नका, कोमट पाण्यात बसवा. फिका म्हणून हिणवू नका. आणि कोणी खरं सांगत असेल तर त्याच्या खरेपणात आपल्या पदरचं काही मिसळू नका.

कालपासून पुन्हा बहर आलाय. आज सकाळी गडी दाराशी येऊन म्हणाला, "काका, विहिरीकडच्या रांगेत फुलकिडे दिसतायत. पंप भरू का?"

काकांच्या हातात चहाचा कप होता. ते उठून उभे राहिले, आणि मला धडकी भरली. पीक त्यांचं, नुकसान झालं तर तेही त्यांचंच. "फार आहेत?" त्यांनी विचारलं.

"आहेत बरेच."

"असू देत. फुलं झडली की बघू."

"फळ कमी धरेल हो काका."

"धरू दे," काका म्हणाले. गडी गेला. काका खुर्चीत परत बसले नाहीत. फवारणीचा वास घरात येऊ नये म्हणून बहरात ती बागेकडची खिडकी कायम लावलेली असायची. तिची कडी गंजली होती. त्यांनी तळहाताने दोन-तीनदा ठोकून ती सोडवली.

स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज आला, "मधाची बरणी उघडी ठेवलीत का हो? घरभर वास सुटलाय."

"नाही," काका म्हणाले. "खिडकी उघडलीय."